पाय का काढला? मधुमेही पायाच्या इतिहासातली २५ वर्षं

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज थोडा इतिहास. पेट झाली, सिनॉप्सिस लिहायचाय, गाइड म्हणतात "आधी लिटरेचर वाचा", आणि वाचायला बसलं की सगळे पेपर मागच्या पाच वर्षांतले. हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेल. मी सूक्ष्मजीवशास्त्राची. माझं काम मधुमेही रुग्णांच्या पायांवरच्या जखमांमधल्या जिवाणूंवर आहे. पण या विषयातलं सगळ्यात उपयोगी वाचन मी केलं ते जिवाणूंचं नव्हे, तर १८८४ ते १९९० या काळातल्या काही मोजक्या लेखांचं. त्यातला एक लेख असा आहे की त्याच्या निष्कर्षावर विश्वास ठेवून डॉक्टरांनी साधारण २५ वर्षं वाचू शकणारे पाय वाचवायचा प्रयत्नच केला नाही. लेख खोटा नव्हता, आकडे बनावट नव्हते. तरी असं झालं. ते कसं झालं, हे आज सांगते.

आधी प्रश्न नीट मांडू. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात जा. मधुमेहामुळे पाय काढलेले दोन-तीन रुग्ण तरी भेटतील. "पाय का काढला?" असं विचारलंत तर रुग्ण म्हणेल, "शुगर होती ना." त्याची बायको म्हणेल, "खिळा लागला होता, लक्षच नाही दिलं." वॉर्डबॉय म्हणेल, "सेप्टिक झालं." निवासी डॉक्टर म्हणेल, "नस बंद होती." चौघंही खरं बोलतायत. पण चौघांपैकी एकाच्याही उत्तरावर आधारून तुम्ही पुढच्या रुग्णाचा पाय वाचवू शकणार नाही.

त्यातलं शेवटचं उत्तर जरा बघा. आपल्या बोलण्यात "नस" हा शब्द दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. रक्त वाहून नेणारी नळी म्हणजेही नस आणि संवेदना वाहून नेणारा चेतातंतू म्हणजेही नस. "नस दबली" म्हणजे चेतातंतू, "नस बंद झाली" म्हणजे रक्तवाहिनी, आणि "नस कमजोर झाली" म्हणजे काय ते देवालाच ठाऊक. हा फक्त भाषेचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण मधुमेही पायाचा शंभर वर्षांचा इतिहास हा बराचसा या दोन नसा एकमेकींपासून वेगळ्या करण्याचाच इतिहास आहे. म्हणून या लेखात मी चेतातंतू आणि रक्तवाहिनी असेच शब्द वापरणार आहे.

दुखत नाही, हीच अडचण

१९ व्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये मार्शाल द काल्वी या डॉक्टरने मधुमेह आणि गँगरीन यांचा संबंध दाखवून दिला. त्याच सुमारास, १८५२ मध्ये, नेलातोंने तळपायावर होणाऱ्या एका विचित्र जखमेचं वर्णन केलं. घट्ट्याखाली सुरू होणारी, आत हाडापर्यंत जाणारी आणि न दुखणारी जखम. इंग्रज डॉक्टर तिला आरपार जाणारा व्रण म्हणू लागले. ही दोन वर्णनं एकाच आजाराची असू शकतात, हे लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही.

लंडनचे सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ज तुम्हाला कदाचित दुसऱ्याच कारणाने माहीत असतील. "एलिफंट मॅन" म्हणून ओळखल्या गेलेल्या जोसेफ मेरिकला आधार देणारे ते हेच. १८८४ मध्ये त्यांनी "लॅन्सेट"मध्ये या आरपार व्रणाच्या उपचारावर लेख लिहिला. मथळ्यात मधुमेह नाही. पण उपचार वाचाल तर चकित व्हाल: जखमेभोवतीची जाड झालेली कातडी मऊ करून पुन्हा पुन्हा तासून काढायची, रुग्णाला पायावर भार देऊ द्यायचा नाही, आणि बरं झाल्यावर पादत्राणांची काळजी घ्यायला शिकवायचं. आजच्या कुठल्याही मार्गदर्शक सूचनांमध्ये या तीन गोष्टी असतातच. म्हणजे १४० वर्षांपूर्वी उपचाराचा सांगाडा तयार होता. नव्हतं ते कारण.

ते पुरवलं नॉटिंगहॅमच्या डेव्हिस प्राइस यांनी, १८८७ मध्ये, पुन्हा "लॅन्सेट"मध्येच. त्यांचा रुग्ण एकच. दोन्ही तळपायांना व्रण, चाल अडखळती आणि मधुमेह. त्यांनी चेतातंतूंची झीज आणि व्रण यांची सांगड घातली आणि मधुमेहाचा यात थेट हात आहे असं मांडलं. एका रुग्णावरचा लेख आज कुठलं जर्नल सहज घेणार नाही, पण प्राइसची नजर बरोबर होती.

आता यंत्रणा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. अनेक वर्षं रक्तातली साखर जास्त राहिली की पायाकडे जाणारे लांब चेतातंतू आधी बिघडतात. तीन गोष्टी होतात. संवेदना जाते. आपल्याकडचे रुग्ण फार नेमकं सांगतात: "पायातली चप्पल निघून मागे राहते, कळतच नाही." दुसरं, पायाच्या पंज्यातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं वाकडी होऊन आखडतात आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांची टोकं खाली दाबली जातात. तिसरं, घाम येणं थांबतं, कातडी कोरडी होते, भेगा पडतात. दाब वाढलेल्या जागी घट्टा तयार होतो. घट्टा म्हणजे बुटात अडकलेला खडाच समजा. तो स्वतःच दाब आणखी वाढवतो. त्याच्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस घट्टा फुटतो. तुम्हाला-मला असा पाय टेकवला तर पहिल्याच पावलाला लंगडायला होईल. या माणसाला दुखत नाही, म्हणून तो त्याच पायावर बाजारात जाऊन येतो.

इन्शुलिनने वाढवलेला प्रश्न

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिची पुढची बाजू कमी सांगितली जाते. इन्शुलिनच्या आधी मधुमेहाचे अनेक रुग्ण कोमात जाऊन मरत. ते वाचू लागले, म्हातारे होऊ लागले, आणि त्यांचे पाय सडू लागले. बॉस्टनचे एलियट जोसलिन, मधुमेहाचे त्या काळातले सगळ्यात मोठे डॉक्टर, यांनी १९३४ मध्ये "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये मधुमेही गँगरीनच्या धोक्यावर लेख लिहिला. कोमाने होणारे मृत्यू घसरले होते आणि गँगरीनने होणारे वाढले होते. जोसलिन यांचं म्हणणं होतं की गँगरीन ही दैवाची करणी नाही, ती टाळता येते. ते रुग्णांना पाय धुण्यापासून नखं कापण्यापर्यंत सगळं शिकवत आणि त्यांच्या रुग्णालयात डॉक्टर, सर्जन, परिचारिका आणि पायाची निगा घेणारे एकत्र काम करत.

त्या काळी पाय काढायचा म्हणजे बहुधा वरूनच, मांडीतून. हे क्रौर्य नव्हतं. प्रतिजैविकं नव्हती. खाली कापलं आणि जंतुसंसर्ग वर सरकला तर माणूस जायचा. पेनिसिलिन आल्यावरच हे बदललं. जोसलिन यांच्याच गटातले सर्जन लीलंड मॅकिट्रिक यांनी १९४९ मध्ये फक्त पंज्याचा पुढचा भाग काढून टाच वाचवण्याच्या शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. टाच राहिली की माणूस स्वतःच्या पायावर संडासला जाऊ शकतो. मांडीतून पाय गेलेल्या साठीच्या माणसाच्या घरी तुम्ही कधी गेला असाल तर हा फरक किती मोठा आहे ते मी सांगायला नको.

म्हणजे १९५० च्या आसपास चित्र आशादायक होतं. आणि मग तो लेख आला.

१९५९ चा लेख

"डायबेटिस" या जर्नलमध्ये १९५९ मध्ये गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. त्यांनी काढलेल्या पायांमधल्या ऊती घेतल्या, रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मधुमेही रुग्णांच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये आतल्या अस्तराच्या पेशी वाढून वाहिनी अरुंद झालेली त्यांना दिसली. हे मधुमेहाचं खास वैशिष्ट्य आहे, असं त्यांनी मांडलं.

आता या निष्कर्षाचा वॉर्डातला अर्थ काय झाला, ते पाहा. मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा असेल तर सर्जन त्याला वळसा घालून दुसरी वाहिनी जोडू शकतो, जसं रस्त्यावर पूल खचला तर वळणरस्ता काढतात. पण गावातल्या सगळ्या गल्ल्याच बुजल्या असतील तर हमरस्त्याला वळण काढून काय उपयोग? "मधुमेह्याच्या पायात बारीक वाहिन्याच बंद असतात" हे एकदा मान्य केलं की वळणरस्त्याची शस्त्रक्रिया करणं व्यर्थ ठरतं. रक्तवाहिन्यांची तपासणी करायची गरजही वाटत नाही. जखम भरत नाही, बोट काळं पडलं, तर उत्तर तयार: बारीक वाहिन्यांचा आजार, पाय काढा.

या लेखात चूक नेमकी कुठे होती? तुम्ही उद्या स्वतःचा अभ्यास आखणार आहात, म्हणून इथे मी थोडी रेंगाळते.

पहिली गोष्ट, नमुना. काढलेले पाय बघायचे म्हणजे ज्यांचा पराभव झाला तेच बघायचे. ज्यांची जखम भरली, त्यांच्या पायातल्या वाहिन्या कशा होत्या हे या पद्धतीत कधीच कळणार नाही. शिवाय सडलेल्या, सुजलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या ऊतीत पेशींची वाढ दिसते, तिच्यातलं मधुमेहामुळे किती आणि सडण्यामुळे किती हे वेगळं करायला फार काळजीपूर्वक निवडलेला तुलना गट लागतो. दुसरी गोष्ट, दिसणं आणि अडणं यांतला फरक. सूक्ष्मदर्शकाखाली भिंत जाड दिसली म्हणजे तिथून रक्त कमी जातं असं होत नाही. रक्ताचा प्रवाह मोजावा लागतो. रचनेचा पुरावा घेऊन कार्याचा निष्कर्ष काढणं, हा मोह आपल्या सगळ्याच विज्ञान शाखांमध्ये असतो. माझ्या विषयात तो असा दिसतो: जखमेतून एखादा जिवाणू वाढला की लगेच "याच्यामुळेच जखम भरत नाही" असं लिहायचं. वाढला म्हणजे तो तिथे होता, इतकंच.

गंमत म्हणजे, शंका लगेचच घेतली गेली होती. सिएटलच्या स्ट्रँडनेस आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये, त्याच "डायबेटिस" जर्नलमध्ये, मधुमेही आणि बिगर-मधुमेही दोन्ही प्रकारच्या रुग्णांचा आधीपासून आखून केलेला अभ्यास छापला. बारीक वाहिन्या बुजवणारा खास आजार त्यांना आढळला नाही. १९६७ मध्ये कॉनरॅड यांनी काढलेल्या पायांच्या धमन्यांचे साचे करून तुलना केली, तरी तेच. १९७१ मध्ये बार्नर आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग घेतला. वाहिन्या रुंदावणारं पॅपाव्हेरीन हे औषध देऊन प्रवाह मोजला. बारीक वाहिन्या खरंच बुजलेल्या असत्या तर मधुमेह्यांच्या पायात औषधाचा परिणाम कमी दिसायला हवा होता. तो बिगर-मधुमेह्यांइतकाच दिसला.

तीन अभ्यास, तीन वेगळ्या पद्धती, उत्तर एक. तरीही वॉर्डातली समजूत हलली नाही. का? माझं मत सांगते. ही समजूत सोयीची होती. ती डॉक्टरला अपयशातून सोडवत होती ("काही करण्यासारखं नव्हतंच"), ती एका वाक्यात शिकवता येत होती, आणि ती परीक्षेत विचारता येत होती. शिवाय ती स्वतःला सिद्ध करत राहायची. कोणी शस्त्रक्रिया करत नव्हतं, म्हणून पाय वाचत नव्हते, म्हणून शस्त्रक्रियेचा उपयोग नाही हे "दिसत" होतं.

शेवटी १९८४ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक लोगर्फो आणि जे कॉफमन यांनी "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये सगळा पुरावा एकत्र मांडला आणि स्पष्ट म्हटलं की बारीक वाहिन्या बुजवणारा मधुमेहाचा खास आजार अस्तित्वात नाही. मधुमेह्यांच्या वाहिन्यांमध्ये दोष असतात, सूक्ष्म वाहिन्यांची भिंत जाड होते, तिचं काम बिघडतं, हे खरं. पण अडथळा असतो तो मोठ्या आणि मध्यम धमन्यांत, विशेषतः गुडघ्याखालच्या. आणि यातली खरी आनंदाची बातमी अशी की पायाच्या पंज्यातल्या धमन्या पुष्कळदा मोकळ्या असतात. म्हणजे गुडघ्याच्या वरच्या किंवा मागच्या धमनीपासून थेट पंज्याच्या पाठीवरच्या धमनीपर्यंत वळणरस्ता काढता येतो. बॉस्टनच्या गटाने तो काढून दाखवला, आणि १९९२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या शस्त्रक्रिया जसजशा वाढल्या तसतसं त्यांच्याकडे सगळ्या पातळ्यांवर पाय काढण्याचं प्रमाण घटलं.

पुरावा नवा नव्हता. १९६४, १९६७, १९७१ चाच होता. नवं होतं ते एकत्र मांडणं. म्हणून कुणी तुम्हाला म्हणालं की "रिव्ह्यू पेपर म्हणजे काय, इकडचं-तिकडचं जमवायचं", तर त्यांना हे १९८४ चं उदाहरण द्या.

वेल्लोरहून आलेलं शहाणपण

दुसरा धागा आपल्या देशातला आहे, आणि तो मधुमेहाच्या वॉर्डात सुरू होत नाही. तो सुरू होतो कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावर, मिशनरी घरात. शिक्षण लंडनला. १९४६ मध्ये ते सर्जन म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. त्या काळी डॉक्टरही मानत की कुष्ठरोग्याची बोटं "झडतात", म्हणजे मांसच आतून नासतं. ब्रँड यांनी हात तपासले, शस्त्रक्रिया केल्या आणि लक्षात आलं की कुष्ठरोग्याचं मांस नीट भरून येतं. मग बोटं जातात कशी? ते रुग्णांवर लक्ष ठेवू लागले. एक जण निखाऱ्यातून वस्तू हाताने काढायचा, दुसरा गंजलेलं कुलूप इतक्या जोराने फिरवायचा की बोटाची कातडी फाटायची. काहींची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते. दुखत नव्हतं, म्हणून जाग येत नव्हती.

पायांचंही तेच. व्रण "आतून" येत नव्हता. बधिर पायाने त्याच जागेवर हजारो पावलं टाकल्याने येत होता. यावरचा उपाय भारतात आधीच सुचला होता: १९३९ मध्ये खान यांनी "लेप्रसी इन इंडिया" या नियतकालिकात प्लास्टर घालून पायाचे व्रण बरे करण्याबद्दल लिहिलं होतं. प्लास्टर पूर्ण तळपायाला चिकटून बसलं की भार एका बिंदूवर न पडता सगळीकडे वाटला जातो, रुग्ण चालूही शकतो, आणि (हे मला फार आवडतं) तो ते घरी काढून ठेवू शकत नाही. ब्रँड यांनी वेल्लोरला हे वापरलं, आणि मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या चपला तयार करून घेतल्या. या चपला आजही आपल्याकडे मिळतात. त्यांची एक दुखरी बाजूही आहे: त्या इतक्या ओळखीच्या झाल्या की चप्पल पाहून लोक कुष्ठरोगी ओळखू लागले, आणि रुग्ण त्या घालायला लाजू लागले.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांनी उंदरांच्या पंज्यावर दिवसाला हजारो वेळा मध्यम दाब देऊन पाहिला. एकदा दिला तर काहीच होत नाही असा दाब. काही दिवसांत तिथे सूज, मग व्रण. त्यांना हे उमगलं की हा प्रश्न कुष्ठरोगाचा नाही, बधिरतेचा आहे. आणि अमेरिकेत बधिर पायांचे सगळ्यात जास्त रुग्ण कोण? मधुमेही. कारव्हिलची सगळी विद्या मग तिकडे वळली. पाय काढणं कमी करायला सगळ्यात चांगला उपाय कोणता, असं त्यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी सुचवलं म्हणे, की डॉक्टरांनी रुग्णाचे बूट-मोजे काढून पाय बघावेत, अशी मोहीम काढा. विचारणाऱ्यांना काहीतरी महागडं यंत्र अपेक्षित असावं.

तुम्ही मधुमेहाच्या कुठल्याही शिबिरात पाहाल, डॉक्टर एका नायलॉनच्या तारेने तळपायाला टोचून "कळतंय का?" विचारतात. मासे पकडायच्या गळाच्या दोरीसारखी ती तार १० ग्रॅमच्या जोराला वाकते. तिचा पूर्वज म्हणजे १९ व्या शतकाच्या शेवटी फॉन फ्राय यांनी वापरलेले केस. नायलॉन आणलं सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी, तेही मेंदूला इजा झालेल्या माणसांच्या अभ्यासासाठी. आणि पाय वाचवण्यापुरती संवेदना शिल्लक आहे की नाही याची सीमारेषा म्हणून १० ग्रॅमची तार ठरवली बर्क आणि सिम्स यांनी, १९८६ मध्ये, कारव्हिलला, कुष्ठरोगी आणि मधुमेही अशा दोन्ही रुग्णांवर काम करून. तो लेख छापून आला "लेप्रसी रिव्ह्यू"मध्ये. मधुमेहाचा शोध घेताना कुष्ठरोगाचं जर्नल उघडायचं कुणाला सुचणार? मला तो सापडला तो एका संदर्भयादीच्या तळाशी.

प्लास्टरची गोष्ट इथे पूर्ण करते. ते खरंच काम करतं का, याची नीट चाचणी व्हायला १९८९ उजाडलं. म्यूलर आणि सहकाऱ्यांनी ४० मधुमेही रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं. प्लास्टर घातलेल्या २१ पैकी १९ जणांचे व्रण भरले, सरासरी ४२ दिवसांत. नेहमीचं ड्रेसिंग आणि भार टाळण्याचा सल्ला मिळालेल्या १९ पैकी फक्त ६ जणांचे. खान यांचा लेख आणि ही चाचणी यांत ५० वर्षांचं अंतर आहे.

८० पाय, २३ वाटा

आता परत मूळ प्रश्नाकडे. पाय का काढला? याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला वाटतं १९९० मध्ये "डायबेटिस केअर"मध्ये आलं. पेकोरारो, रायबर आणि बर्जेस. सिएटलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ३० महिन्यांत मधुमेही रुग्णांचे लागोपाठ पहिल्यांदा काढावे लागलेले ८० पाय. "लागोपाठ" हा शब्द महत्त्वाचा आहे: निवडक केसेस नाहीत, जो आला तो घेतला.

त्यांनी "कारण कोणतं" असं विचारलंच नाही. केनेथ रॉथमन या साथरोगतज्ज्ञाने १९७६ मध्ये मांडलेली कल्पना त्यांनी वापरली: परिणाम घडवायला अनेक घटक-कारणं एकत्र यावी लागतात, आणि त्यातलं एक जरी काढलं तरी तो परिणाम त्या वाटेने घडत नाही. मग प्रत्येक पायाची वाट मागे मागे शोधत गेले. आकडे असे: व्रण ८४ टक्क्यांत, जखम न भरणं ८१ टक्क्यांत, सुरुवातीची किरकोळ इजा ८१ टक्क्यांत, चेतातंतूंची बधिरता ६१, जंतुसंसर्ग ५९, गँगरीन ५५, रक्तपुरवठ्याची कमतरता ४६ टक्क्यांत.

बेरीज करून पाहा, शंभराच्या कितीतरी वर जाते. जायलाच हवी. एकूण २३ वेगवेगळ्या वाटा सापडल्या. एकट्या एकाच कारणाने पाय गेला असं फक्त धमनी अचानक पूर्ण बंद झाली तेव्हाच घडलं. बाकी सगळीकडे कारणं साखळीने आली, आणि ७२ टक्के पायांत "किरकोळ इजा, मग व्रण, मग जखम न भरणं" ही साखळी होती.

मला या अभ्यासात ४६ या आकड्यापेक्षा सुरुवातीच्या इजेचा ८१ हा आकडा जास्त बोलका वाटतो. नवा बूट, घट्ट पट्टा, नखं कापताना लागलेलं पातं. आपल्याकडे यादी थोडी बदलते: देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं, घरी ब्लेडने कुरूप कापणं, शेकायला ठेवलेली गरम पाण्याची पिशवी, आणि हो, वेल्लोरसारखेच उंदीर. वॉर्डातल्या त्या बायकोचं "खिळा लागला होता" हे उत्तर सगळ्यात साधं होतं, पण साखळीचं पहिलं टोक तिच्याच हातात होतं.

तुम्ही रुग्णालयातल्या नोंदींवर काम करणार असाल तर इथे एक व्यावहारिक अडचण येईल. केस पेपरवर ही पहिली इजा बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. तिथे असतं निदान, साखरेचा आकडा, कल्चरचा रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेची तारीख. घटक-कारणांचा अभ्यास मागच्या नोंदी चाळून होत नाही. रुग्ण दाखल होतो त्याच आठवड्यात त्याच्याशी आणि घरच्यांशी बसून बोलावं लागतं. पेकोरारोंच्या गटाचं बळ होतं ते तिथे. एथिक्स कमिटीच्या अर्जात त्यासाठी वेगळी प्रश्नावली आधीच जोडा, नंतर जोडायला फार वेळ जातो.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मायकेल एडमंड्स यांनी १९८१ मध्ये पायांसाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं. डॉक्टर, सर्जन, परिचारिका, पायाची निगा घेणारे आणि बूट बनवणारा, सगळे एका छताखाली. १९८६ मध्ये त्यांनी दाखवलं की मोठ्या प्रमाणावर पाय काढण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. १९८९ मध्ये युरोपातल्या देशांनी सेंट व्हिन्सेंटच्या जाहीरनाम्यात हेच उद्दिष्ट ठेवलं: पाच वर्षांत पाय काढणं निम्मं करायचं.

हे मॉडेल जसंच्या तसं आपल्याकडे येणं शक्य नव्हतं, कारण पायाची निगा घेणारा पोडियाट्रिस्ट हा व्यवसायच आपल्याकडे जवळजवळ नाही. म्हणून २००० नंतर "स्टेप बाय स्टेप" नावाचा प्रकल्प आखला गेला. त्यात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियातल्या दार एस सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांचा मोठा वाटा होता, आणि मुंबईचे डॉ. अरुण बाळ हेही या कामातलं मोठं नाव. कल्पना साधी: प्रत्येक ठिकाणाहून एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी बोलवायची, दोघांनाही एकत्र घट्टा तासायला, तार टोचायला, जखम साफ करायला शिकवायचं, साधनं देऊन परत पाठवायचं, आणि काही काळाने पुढच्या प्रशिक्षणाला तीच जोडी पुन्हा बोलवायची. पेंडसे आणि अब्बास यांनी २००७ मध्ये त्यावर लेख लिहिला. तो मिळवून वाचा, छोटाच आहे.

आणि काम संपलेलं नाही हे कळायला एक आकडा पुरतो. आर्मस्ट्राँग, बोल्टन आणि बुस यांनी २०१७ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार, व्रण पूर्ण भरलेल्या रुग्णांपैकी साधारण ४० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा व्रण होतो, पाच वर्षांत ६५ टक्क्यांना. भरलेल्या जखमेखालच्या कातडीत, दाबात आणि जिवाणूंमध्ये त्या वर्षभरात काय चाललेलं असतं, यावर आपल्याकडच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून काम करायला भरपूर जागा आहे. माझ्या प्रबंधातला तिसरा प्रकरणाचा भाग त्यावरच आहे. पुढच्या लेखात जखमेतून नमुना घेताना वरवरचा स्वॅब आणि खोलवरची ऊती यांत काय फरक पडतो, ते सांगेन.